बापानं सोडलेली हलगी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मिरवणुकीत हलगी सुरू झाली की मी खिडक्या लावून घेतो, तर तिला वाटतं माझं डोकं दुखतं. चारचौघांत सांगतेही तसं. मीही तेच सांगत आलोय. खरं कारण तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

माझं आडनाव गावावरून आहे. सांगलीला आल्यावर वडिलांनी बदलून घेतलं, कारण जुनं आडनाव ऐकलं की लोकांना पुढचं काही विचारावं लागत नसे. आम्ही मातंग. जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावचे, हलगी वाजवणारे. लग्न असो, मयत असो, जत्रा असो — बोलावणं आलं की जायचं, दाराबाहेर उभं राहून वाजवायचं, आणि शेवटी पदरात पडेल ते शिळंपाकं घेऊन परत यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. कला बिला म्हणतात आता; तेव्हा ते बांधलेलं काम होतं.

माझ्या वडिलांनी, शिवानं, वस्तीतल्या सगळ्यांना बसवून शपथ घातली — दुसऱ्याच्या दारात हलगी वाजवायची नाही. गावानं गिरणी बंद केली, रानातलं काम बंद केलं. दळण नाही म्हणून वस्तीनं अख्खा उन्हाळा जोंधळ्याच्या घुगऱ्यांवर काढला. पण वाजवलं नाही. पुढं वडील सांगलीला आले आणि मी तिथं वाढलो, नव्या आडनावाखाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आता मी कराडजवळच्या एका कारखान्यात सामाजिक कामाचा विभाग बघतो. मालक कंपनी अमेरिकेतली. तिकडं काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला म्हणून कंपनी त्यांच्या संस्थांना मदत करू लागली, आणि मग आम्हाला विचारणा झाली: तुमच्याकडे अशी माणसं कोण? मीटिंगमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. एकजण म्हणाला, आपल्याकडे आता तसलं काही राहिलेलं नाही. मी मान डोलावली. हो — डोलावली.

नंतर मीच एक संस्था सुचवली, कुठंतरी वाचलं असावं अशा थाटात. आमच्याच वस्तीतल्या सुनंदाताई पत्र्याच्या खोलीत मुलींसाठी अभ्यासिका चालवतात, ती. पाहणीला मुद्दाम दुसऱ्याला पाठवलं. वडील वारल्यापासून मी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. मदत मंजूर झाली. इथपर्यंत मी बरा माणूस होतो, नाही का?

मग ठरलं की अमेरिकेच्या ऑफिसातल्या एक बाई वस्ती बघायला येणार. त्या स्वतः काळ्या. आमचे मॅनेजर म्हणाले, स्वागताला काहीतरी इथलं, अस्सल पाहिजे. आणि माझ्या तोंडून निघालं — हलगी. का निघालं? मला कुणी विचारलंही नव्हतं. मॅनेजर खूश झाले. तुला बरं सगळं ठाऊक असतं, म्हणाले. त्या कौतुकानं मी फुगलो, हे लपवत नाही.

सुनंदाताईंना फोन लावला.

"आवं साहेब, आमी ती सोडलीया," त्या म्हणाल्या. "लय भोगलंय त्यापायी. पोरींचं लेझीम बसवू, गाणी म्हणू. हलगी तेवढी नगं."

आता मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, "बघा ताई. मग कंपनीचं काही सांगता येत नाही."

खोटं होतं ते. मदत मंजूर होऊन सह्याही झाल्या होत्या. लेझीम चाललं असतं. नुसते हात जोडून उभ्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं. मला फक्त मॅनेजरपुढे शब्द मागे घ्यायचा नव्हता — तेवढ्यासाठी.  ताई म्हणाल्या, "नानांना इचारते."

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. शपथेला वडिलांच्या शेजारी बसलेले. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर घेऊन फिरवलंय. इतक्या वर्षांनी ते काय ओळखणार, असं मी धरून चाललो होतो.

बाई आणि मॅनेजरबरोबर वस्तीवर गाडीतून उतरलो तेव्हा नाना कडबा पेटवून, कातडं ताठ व्हावं म्हणून, हलगी शेकत बसले होते. त्यांनी वर बघितलं. परत एकदा बघितलं, आणि हात थांबला. उठले आणि वाजवायला लागले. म्हाताऱ्या बायका एकेक करून घरात गेल्या. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, माझं कामच होतं ते.

वाजवणं संपल्यावर ताई मॅनेजरना अभ्यासिका दाखवायला आत घेऊन गेल्या. बाहेर आम्ही तिघंच राहिलो — नाना, त्या बाई आणि दुभाषा म्हणून मी. बाईंनी विचारलं, हे तुम्ही मनापासून वाजवता का? विचारताना माझ्याकडे नाही, नानांच्या तोंडाकडे बघत होत्या. मी मराठीत विचारलं.

नाना हलगीवरून तळवा फिरवत म्हणाले, "सांग तिला. शिवानं सोडाय लावली, शिवाच्या पोरानं वाजवाय लावली."

मी इंग्रजीत सांगितलं की ही कला बापाकडून मुलाकडे चालत आलेली आहे, आणि त्यांना तिचा अभिमान आहे.

बाईंनी नानांना हात जोडले. नानांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजी येत नसलं म्हणून काय झालं, समोरचा खोटं बोलतोय हे माणसाला कळतं. "बरं साहेब," ते म्हणाले. अरेतुरे तिथंच संपलं.

परतीच्या वाटेवर बाई बोलत होत्या. त्यांचे आजोबा गोऱ्यांच्या मेजवान्यांत गायचे, हसतमुखानं. घरी कधी गायले नाहीत. म्हणूनच विचारलं, त्या म्हणाल्या, आणि उत्तर ऐकून बरं वाटलं. जतपासून कराड काय जवळ आहे? केवढा रस्ता होता बोलायला. मी खिडकीतून ऊस बघत बसलो. मला माझीच किळस येत होती, आणि तरीही मी गप्प होतो.

व्हिडिओ कंपनीच्या पानावर मीच टाकला. पुढच्या वर्षी कंपनीनं झाडं लावायचं ठरवलं आणि वस्तीची मदत थांबली. अभ्यासिकेला कुलूप लागलं. त्यानंतर सुनंदाताईंचा एकदाच फोन आला.

"गावातली माणसं आलती, मोबाइलवर तुमचा व्हिडिओ घिऊन. म्हणाली, बाहेरदेशच्या बाईपुढं वाजवताय, मग आमच्याच दारात का न्हाई? पाण्याचा टँकर वस्तीवर आमच्याच रानातनं येतोय, म्हणाली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नाना गेलं वाजवाय."

त्या तक्रार करत नव्हत्या. तेवढा व्हिडिओ काढून टाकता येतो का बघा, एवढंच म्हणाल्या. बघतो, म्हणालो. काढून टाकायचा तर ऑफिसात कारण द्यावं लागतं. आणि ते कारण म्हणजे मी. व्हिडिओ अजून तिथंच आहे.

गिरणी बंद करून गावाला जे मोडता आलं नाही, ते मी एका फोनवर मोडलं. वडील वारलेत, त्यांना कळणार नाही — असं मी स्वतःला सांगून बघितलं, पण नानांना कळलंय. लग्नसराई लागली की ते हलगी शेकतात, बोलावणं येईल त्या घरी जातात आणि वाजवतात. दाराबाहेर उभं राहून.