हाताशी काय ठेवावं

राळेगावच्या स्टँडवर आई मला सोडायला आली, तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातानं तिनं माझी बॅग एसटीत ढकलली. "जाय तू. माह्या हाताकडे पाहू नोको," एवढंच म्हणाली. मी पुण्याला एका साफसफाईच्या कंपनीत कामाला निघाले होते. बस हलली आणि मला रडू नाही, राग आला. बापाचा आला, तिचा आला, आणि "पडली काय वो?" असं तिला विचारणाऱ्या तुम्हा गल्लीतल्या बायांचाही आला. ती पडली नव्हती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरातला आवाज तुमच्या चुलीपर्यंत यायचा.

आमचं घर फार टापटिपीचं, असं तुम्ही म्हणायच्या. आई ते कसं लावायची, ते आज सांगते. बापाचा हात कुठवर पोचतो, ते बघून. मुसळ पलंगाखाली, त्यावर गोधड्या. भाजी चिरायची पावशी धान्याच्या कोठीमागे, चुलीची फुंकणी माठाआड. बैल हाकायची तुतारी ती रोज गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवायची. वेचणी झाली की बाहेरच्या खोलीत छतापर्यंत कापूस, आणि आम्ही सगळे आतल्या एका खोलीत. तिथं पळायलाही जागा नसायची. बाप हाताला लागेल ते उचलायचा. काहीच लागलं नाही तर नुसता हात, आणि अशा दिवशी आई म्हणायची, "आज बरं गेलं."

मी पुण्याला निघाले त्या वर्षी तिनं कुऱ्हाड कापसाच्या ढिगात खुपसली, कारण आदल्या संध्याकाळी बाप ती घेऊन तिच्या अंगावर धावला होता. कापसात कोण शोधणार, असं तिला वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी बापानं कापूस विकायला गाडी बोलावली आणि गाठोडी बांधायला तो अनवाणी ढिगात उतरला. त्याचा तळवा टाचेपर्यंत फाटला. पांढऱ्या कापसात रक्त झिरपत गेलं. त्यानं तीच कुऱ्हाड उपसली, उलटी धरली आणि दांड्यानं आईला झोडपत सुटला. "मारूनच टाकतो तुले!" मी मधे पडले, तर मला भिंतीवर भिरकावलं. आईच्या हाताचं हाड मोडलं तेव्हा कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज आला. गाडीवाल्यानं बापाला मागून आवळून धरलं म्हणून ती वाचली. दवाखान्यात तिनं सांगितलं, विहिरीवर पाय घसरला.

पुण्यात मी आधी फरश्या पुसल्या, मग लोकांची घरं लावून द्यायला लागले. हो, इथं त्याचे पैसे मिळतात. पहिल्याच दिवशी कंपनीच्या मॅडमनी शिकवलं: जड वस्तू खाली, क्वचित लागणारी माळ्यावर, रोज लागणारी हाताशी. सुरी ओट्याजवळ, लाटणं पहिल्या ड्रॉवरमध्ये. मला हसू फुटलं, मग बाथरूममध्ये जाऊन मी ओकले. आजही एखाद्या घरात लाटणं माळ्यावर सापडलं, की मी आधी त्या बाईच्या दंडाकडे बघते.

माझं लग्नही इथंच झालं, आणि गेल्या दिवाळीत मी आईला घ्यायला आले. बाप दारात आडवा उभा राहिला. मी त्याला ढकललं आणि तो ओसरीवर आपटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून आई पुण्यात आमच्याकडे आहे, आणि तुमचे फोन सुरू आहेत. "सुधारला तो आता. म्हातारपणी घर मोडू नोको पोरी, पाठवून दे तिले." आईचंही मन ओढ घ्यायचं. "तिथं कोण पाहते त्याच्याकडे?" म्हणत ती मधूनच साड्यांच्या घड्या करायला बसायची. मी अडवलं नाही. आजवर तिचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. पण ती गेली तर पुढच्या वेळी मला तिचं प्रेतच आणावं लागेल, असं मला वाटत होतं.

परवा तिनं हॉल पुसला होता. माझा नवरा बाहेरून आला आणि चिखलाच्या चपलांनी थेट आत. "ओ जावईबुवा! दिसत नाही काय? आत्ताच पुसलं ना मी!" आई अशी ओरडली की शेजारचं दार उघडलं. आणि मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. दोन्ही हात डोक्यावर धरून ती भिंतीशी मटकन खाली बसली.

तो घाबरला. चपला हातात घेऊन म्हणाला, "चुकलं, आई." पोछा घेतला आणि गुडघ्यावर बसून पुसायला लागला. आई कोपराआडून त्याच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं हात खाली घेतले.

"त्या कोपऱ्यातलं राह्यलं," ती म्हणाली.

घर मोडू नको म्हणता ना? जिथं माझी आई जावयावर ओरडली आणि तिला कुणी हात लावला नाही, ते तिचं घर. काल पुन्हा तुमचा फोन वाजला, तेव्हा मी तिला विचारलं, काय सांगू त्यांना?

ती ओटा पुसत होती. वळलीसुद्धा नाही.

"सांग त्यायले, मी नाही येत. मले इथं काम हाये."