स्वखुशीने

आमच्या आत्याने आयुष्यात एकाही कागदावर तो ऐकल्याशिवाय सही केली नाही. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, तिचं एकच, "वाचून दाखव." प्रौढांच्या वर्गात शिकलेली, स्वतःला चांगलं वाचता यायचं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची. "वाचताना माणूस कुठं अडखळतो ते बघावं. तिथंच गोम असते," म्हणायची. डोंगरकड्यात, आमच्या गावात, सगळे तिला 'वाचून-दाखव आत्या' म्हणत आणि तिला त्याची केवढी ऐट! मला तर अजून आहे.

आत्या जवळा बाजारला दिलेली. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून एकटीने संसार ओढला. फटकळ इतकी, की तिच्यासमोर खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती.

आजी आधीच गेली होती. आजोबा गेले आणि बाबा नि काका, सख्खे भाऊ, विहिरीवरून एकमेकांच्या अंगावर जायला लागले. जमीन सहा एकर, ती निम्मी-निम्मी करायला दोघंही तयार. पण विहीर एकच. ती ज्याच्या वाट्याला जाईल त्याची हळद, दुसऱ्याचं रान कोरडं. सामाईक ठेवा म्हटलं की दोघंही उसळायचे, "याच्यासंगं? न्हाई!" वर्षभर बोलणं बंद. काकाने अंगणात मधोमध पत्र्याचं कुंपण ठोकलं. ज्या चुलत भावंडांबरोबर मी एका ताटात जेवले, त्यांच्याकडे बघायचीही मला चोरी झाली.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं: अक्का, म्हणजे आमची आत्या, हक्कसोड देणार. बहिणीने साडी घ्यायची आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची, ही आमच्याकडची रीत. तिला कुणी विचारलंच नाही, थेट कळमनुरीच्या रजिस्ट्री ऑफिसात बोलावलं. मी बाबांसोबत गेले होते. काकाने हिरवी साडी आणली होती, बाबांनी निळी. त्यातही चढाओढ! आत्याने दोन्ही साड्या पिशवीत घातल्या आणि कागद लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली, "वाचून दाखव, बाप्पा."

तो घडाघडा वाचू लागला. "...मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय..."

"थांब. कुणाची खुशी?"

"तुमचीच की, बाई."

"मला कुणी इचारलं?" ती भावांकडे वळली. "तू इचारलं? का तू?"

"अक्का, रीत हाय ती," बाबा पुटपुटले.

"रीत असंल. मंग खुशी काहून लिहून राहिले?"

म्हातारा हसला. आत्या हसली नाही. "माझा वाटा दोन एकर होतो," ती म्हणाली. "तेवढा मला नको. विहीर आन् तिच्याभोवतीचे वीस गुंठे माझ्या नावावर करा. बाकीच्यावर करते सही."

आता महाभारत होणार, असं मला वाटलं. कसलं काय! काका लगेच म्हणाला, "चालतंय. त्याला न्हाई ना गेली, बस!" बाबाही तावातावाने म्हणाले, "माझंबी तेच म्हणणं हाय." वर्षभरात दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले, तेही एकमेकांच्या रागापोटी. असे आमचे शहाणे!

कागद नवा झाला, सह्या झाल्या, आणि मग आत्याने विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली कमरेला खोवली. "विहीर माझी, पाणी दोघायचं. पाळी ठरवायला दर महिन्याला जवळ्याला या. दोघं एकाच गाडीवर. एकटा आला त पाणी बंद."

पहिल्या खेपेला काका मागच्या सीटवर असा बसला होता, की एखादा खड्डा आला असता तर पडलाच असता. तिसऱ्या खेपेला त्याने तोंड उघडलं, "दादा, हळू चालव ना!" बाबांनी हे घरी येऊन दोनदा सांगितलं. हळद निघाली तेव्हा अंगणातलं कुंपणही निघालं. तेच पत्रे दोघांनी हळद शिजवायच्या भट्टीला आडोसा म्हणून लावले.

आत्या गेल्या वर्षी गेली. आज ती किल्ली हिंगोलीत माझ्या घरी आहे. माझा भाऊ आणि काकाचा मुलगा पाळी ठरवायला येतात ते एकाच गाडीवर. विहीर तिने माझ्या नावावर केली. "पोराला काहून न्हाई?" असं बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोराला सगळेच देतात."

त्या मृत्युपत्रासाठी ती मला घेऊन पुन्हा कळमनुरीला गेली होती. लिहिणारा म्हातारा तोच. "वाचून दाखव," म्हणाली. त्याने वाचायला घेतलं, "मी स्वखुशीने..."

"थांब."

म्हातारा घाबरला.

"तेवढंच पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"हां. आता बराबर लिहिलं," ती म्हणाली आणि ठळक अक्षरांत तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं.