फिजियन म्हणजे आपल्यातलेच ना

न्हावा शेव्याजवळ बंदराच्या कामाचं प्रशिक्षण देणारं एक केंद्र आहे, तिथे मी शिकवते. कंटेनर उतरला की त्याचे कागद कुठून कुठे जातात, कुठे अडतात आणि का अडतात, हा माझा विषय. विषय रुक्ष, आणि मीही फार गोड बोलणारी नाही, त्यामुळे विद्यार्थी माझ्या वाट्याला फारसे जात नाहीत. पण काही वर्षांपूर्वी परदेशी अधिकाऱ्यांची एक तुकडी आली आणि त्यातल्या एका बाईंची न् माझी पहिल्याच दिवशी गट्टी जमली. त्या फिजीच्या. पॅसिफिक महासागरातली ती बेटं. त्यांच्या पणजोबांना इंग्रजांनी तिथे उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून नेलं होतं. दिसायला बाई आपल्याकडच्या कुठल्याही मावशीसारख्या, आणि त्यांची हिंदी ऐकून आधी हसू यायचं, मग कान सरावले.

फिजीत तेव्हा लष्कराचं सरकार होतं. निवडून आलेलं सरकार उलथवून सेनापती स्वतः गादीवर बसला होता, पुढे देशाची घटनाही रद्द झाली होती. शेजारचे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यावर इतके भडकले होते, की त्या सरकारात ज्यांनी मोठं पद घेतलं त्यांना ते आपल्या देशात पाऊल ठेवू देत नव्हते. मग त्या सरकारने आपल्याकडे आणि चीनकडे तोंड वळवलं. पूर्वी जे अधिकारी शिकायला सिडनीला जायचे, ते आता उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकून घाम पुसत होते.

घटना रद्द केली हे मला खपण्यासारखं नव्हतं. आम्ही बौद्ध. इतरांच्या घरात देव्हाऱ्याला जो मान, तो आमच्या घरात घटनेला. मी बाईंना सरळ विचारलं, अशा सरकारची चाकरी तुम्ही करता कशी?

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा जन्म तिथला, माझी आई तिथल्या मातीत गेली. पण सरकारी कागदावर मी इंडियन. फिजियन म्हणायचं ते फक्त तिथल्या मूळ रहिवाशांना. मतदारयादीसुद्धा वेगळी. या सरकारने फर्मान काढलं, की इथला प्रत्येक नागरिक फिजियन. बंदूकवाल्याने दिलं म्हणून मी माझं नाव परत करू?"

मी उठले आणि कॅन्टीनच्या खिडकीवरून दोघींसाठी चहा घेऊन आले. असं मी क्वचित करते.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. मुलगा न्यूझीलंडमध्ये नोकरीला. त्याचं आणि आईच्या सरकारचं वाकडं. तो तिकडे सरकारविरुद्धच्या मोर्च्यांत पुढे असायचा, आणि आता घरी यायला घाबरायचा, विमानतळावरच धरलं तर? इकडे बाईंना तिकडचा व्हिसा नाही. मायलेकांची भेट होऊन कैक वर्षं झाली होती, आणि आता त्याचं लग्न ठरलं होतं. "हमको खाली सामने बैठ के देखना है," त्या म्हणाल्या, त्यांच्या हिंदीत 'खाली' म्हणजे 'फक्त', आणि माझ्यासमोर ढसाढसा रडल्या. कॅन्टीनमधली सगळी माणसं मान वळवून बघायला लागली.

मग इथेच करा की लग्न, मी म्हटलं. दोघांनाही इथे यायला कुणाची आडकाठी नाही. माझ्या भावाचं हरिहरेश्वरच्या अलीकडे होमस्टे आहे, समुद्र दाखवते, घरचं जेवण वाढते. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. मुलगी कुठली, मी विचारलं. "फिजियन है, नर्स है, बहुत अच्छी है," त्या म्हणाल्या.

दादाला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "कोन लोकं हायत?"

"फिजियन."

"म्हंजे?"

"अरे, आपल्याकडूनच तिकडं गेलेली लोकं."

"म्हंजे फिजियन म्हंजे आपल्यातलेच ना?"

"व्हय रे बाबा," मी म्हटलं. फिजियन या शब्दात आता सगळे बसतात हे बाईंनी मला नीट समजावलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात जी नवरी आली ती लांब वेणीची आणि साडीतली.

दादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो उगाच खलनायक वाटेल. चार खोल्या त्याने कर्ज काढून बांधल्या. सुरुवातीला पाटीवर आपलं नाव-आडनाव लिहिलं होतं. पुण्या-मुंबईचे लोक फोन करायचे, मासे काय मिळतील, समुद्र किती लांब, सगळं विचारून झालं की शेवटी हळूच, मालकांचं आडनाव काय? सांगितलं की "बरं, कळवतो." ते कळवणं कधी यायचं नाही. मग दादाने पाटी बदलली. समुद्रावरून काहीतरी गोंडस नाव दिलं. ओटीवर निळ्या कोटातली जी तसबीर होती ती आतल्या खोलीत गेली. यावरून मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते आणि तो खाली मान घालून ऐकत होता. त्यानंतर खोल्या भरायला लागल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाई आणि मी पुढे येऊन थांबलो. दुपारी मुंबईहून गाडी आली. आधी मुलगा उतरला. बाई अंगणातूनच धावत सुटल्या आणि त्याला अशा बिलगल्या की ड्रायव्हरनेही तोंड फिरवलं. त्याच्यामागून नवरी उतरली. उंच, धिप्पाड, काळीभोर, कुरळ्या केसांचा मोठा पसारा डोक्यावर, आणि हसली तर सगळ्या अंगाने हसली. सोबत तिचे वडील, पांढऱ्या केसांचे, कमरेला लुंगीसारखं नेटकं वस्त्र. म्हणजे नवरी तिथल्या मूळ रहिवाशांतली. जुन्या अर्थानेही फिजियन, नव्या अर्थानेही.

ओटीवर पुण्याचं एक कुटुंब चहा पीत बसलं होतं. त्यांचं बोलणं थांबलं. दादाने मला दंडाला धरून मागच्या दारी नेलं.

"तू बोललीस आपल्यातले हायत."

"मी फिजियन बोलले."

"ही आफ्रिकेतली दिसतात! पुन्याची पार्टी कशी बघते बघ. नेटवर काय काय लिवतील. मागच्या परसात करा लगीन, पुढं न्हाय. ती दोघं मागच्या खोलीत ऱ्हातील."

"दादा, तुला लाज नाही वाटत?"

"वाटते. मंग काय करू? आपलं आडनाव कळलं तर लोकं जातात, आनि ह्यांना पुढं बसवू? तू सोमवारी पनवेलला तुझ्या घरी जाशील. मला हितंच ऱ्हायचं हाय."

मी आईकडे वळले. ती दादाकडेच राहते, मागच्या चुलीशी भाकऱ्या थापत होती. मला वाटलं, आई त्याला झापेल. तिच्यासमोर दादाचं काही चालत नाही. आईने वर न बघता सांगितलं, "मागंच बरी. आनि भांडी येगळी काढ त्यांची. कोन काय खातात कोन जाने."

भांडी वेगळी. माझी आई हे बोलली. जिने लहानपणी चहाच्या दुकानाबाहेर खुंटीला टांगलेली आपली वेगळी कपबशी स्वतः विसळून परत टांगली होती, तिच्या तोंडातून हे आलं, आणि पुढची भाकरी तिने तव्यावर टाकली. मला इतकी लाज वाटली की मी तिथून पाय काढला. पुढे गेले तर बाईंनी विचारलं, "क्या हुआ बहिन?" मी म्हटलं, काही नाही, खोल्यांचं चाललंय.

वहिनीने मुकाट्याने मागच्या खोलीत चटया अंथरल्या. नवरी समुद्राकडे बघून खूश होती. तिचे वडील हातपाय धुऊन आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाळक्या मुळांची जुडी होती. विमानतळावर कुणीतरी सुंठ आहे का विचारून ती सोडून दिली होती. ते मागून वळसा घालून पुढच्या अंगणात आले आणि ओटीच्या पायऱ्या चढण्याऐवजी पायरीखाली मातीत मांडी घालून बसले. जुडी समोर ठेवली. मान खाली घातली. ओंजळीसारखे हात करून हलकेच टाळी वाजवली आणि गप्प बसून राहिले.

मी गोंधळून बाईंकडे पाहिलं. त्यांनी हळू आवाजात समजावलं. तिकडे पाहुणा कुणाच्या घरात सरळ शिरत नाही. खाली बसतो, ही मुळं यजमानांपुढे ठेवतो, आत यायची परवानगी मागतो. यजमानांनी ती मुळं स्वीकारली की तो घरचा झाला. "हमारी सरकार पे बहुत गुस्सा हैं ये," त्या म्हणाल्या. "कहते हैं, फिजियन नाम हमारा था, हमसे पूछे बिना सबको बाँट दिया. पर यहाँ देखो, कितना मान दे रहे हैं आपके घर को."

कितना मान. मला त्या ओटीवर उभं राहवेना.

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, पुण्याच्या लोकांसाठी. उंबऱ्यातच थबकली. ट्रे तिने दादाच्या हातात कोंबला.

"त्यांना खाली कुनी बसवलं?"

"कुनी न्हाय आये," दादा म्हणाला. "त्यांची रीत हाय ती."

"रीत?" आईचा आवाज चिरला. "माझा बाप खोताच्या ओटीखाली असाच बसायचा, मान घालून. तवा पन लोकं हेच बोलायची. त्यांची रीत हाय."

ती पायऱ्या उतरून गेली आणि त्यांचा हात धरून उठवायला लागली. "उठा. वर चला. उठा हितनं." ते हसून मान हलवत होते, उठत नव्हते. परवानगीशिवाय उठणं त्यांच्यात बसत नव्हतं, आणि आईला वाटलं, घाबरून उठत नाहीत. तिने दोनदा ओढलं. मग तिला कसं आवरावं हे मला कळायच्या आत तीच त्यांच्यासमोर मातीत बसली. बाईंनी धावत जाऊन तिचे हात जुडीवर टेकवले. नवरीच्या वडिलांनी पुन्हा ओंजळीची टाळी वाजवली, त्यांच्या भाषेत काही म्हटलं, आणि दोघं उठले.

दुसऱ्या दिवशी लग्न पुढच्या अंगणात झालं. दादानेच मांडव घातला. पुण्याची मंडळी सकाळीच हिशेब करून निघून गेली होती. बाई खुर्चीवर अगदी समोर बसल्या आणि डोळ्यांची पापणी न लववता सगळं बघत होत्या, हळद, हार, नवरीच्या वडिलांची प्रार्थना. त्यांच्यासाठी तरी हे पार पडलं, याचं मला बरं वाटलं.

जेवणं एकाच पंगतीत झाली. उठताना नवरीच्या वडिलांनी सगळ्यांसमोर चार शब्द इंग्रजीत सांगितले. आपल्या आयुष्यात पुष्कळ मोठमोठ्या घरी आपण जाऊन बसलो, पण घरची थोरली बाई पायऱ्या उतरून आपल्यासोबत मातीत बसली, असा मान आपल्याला कुठे मिळाला नव्हता. दादाने मान खाली घातली. मी पाणी वाढायच्या निमित्ताने उठले.

"काय बोलतात गो?" आईने विचारलं. मी सांगितलं.

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, पदर सावरून हात जोडले आणि मराठीतच म्हणाली, "बाबा, मी तुमची भांडी येगळी काढायला सांगितलेली. मागच्या खोलीत पन मीच ठेवलं तुमाला. माझ्या हातनं घडलं हे."

त्यांना एक अक्षर कळलं नाही. आशीर्वाद समजून त्यांनी डोळे मिटले, ऐकून घेतलं, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली.

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. "माफ केलं ना त्यांनी?"

मी व्हय म्हणाले.