पानावरचं पांढरं

नवं गाणं निवडायचं असलं, की काकी सगळ्यात आधी मोबाइलचा आवाज बंद करायला लावायची. बँडसाठी लिहिलेल्या संगीताचे कागद विकणाऱ्या परदेशी वेबसाइट असतात. तिथं प्रत्येक गाण्याचं पहिलं पान फुकट बघायला मिळतं आणि कुठल्यातरी नावाजलेल्या बँडनं वाजवलेलं ते गाणं ऐकायलाही मिळतं. आम्ही ऐकायला टपलेलेच असायचो. काकी म्हणायची, "बंद कर ते. त्यांचा बँड चांगला हाय. त्यांनी नळाची तोटी वाजवली तरी तुमाला ग्वाड लागंल. आपल्याला काय झेपतंय ते कागदावर दिसतंय." मग मी हिंजवडीच्या झेरॉक्सवाल्याकडून ते पान छापून आणायचो. काकी ते हात लांब करून धरायची, डोळे बारीक करायची आणि एकही सूर न वाचता नुसती बघत राहायची. मला आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. विचारलं तर म्हणाली, "पांढरं किती हाय ते बघतीय."

वाजवणाऱ्यानं जिथं थांबायचं असतं तिथं कागद मोकळा राहतो. ते तिचं पांढरं. ज्या कागदावर पांढरं नाही तो कागद ती तिथंच बाजूला सारायची. "फुंकून वाजवायची वाद्यं हायेत ही. मानसाला श्वास घ्यायला नको व्हय? आनि एक थांबल्याबिगर दुसरा ऐकू येनार कसा?"

काकी म्हणजे कासारसाईची मालनकाकी. गेल्या वर्षी ती गेली. माझी सख्खी काकी नव्हे, पण बँडात तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. काकांचा वरातीचा बँड होता. आमच्या भागात लग्न ठरलं की आधी काकांची तारीख घ्यायची आणि मग भटजींची, अशी एके काळी पद्धत. काकी लहानपणी पुण्यात मावशीकडे शिकायला होती आणि शाळेतल्या मुलींच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायची, कागद वाचून. लग्न होऊन ती बँडवाल्याच्याच घरात आली. घर भरून वाद्यं, आणि एकालाही हात लावायची सोय नाही. सुनेनं फार तर ती चिंचेनं घासून लख्ख करायची.

पुढं डीजे आले, तारखा कमी झाल्या आणि त्यातच काका गेले. दिवसकार्य उरकल्यावर काकीनं आम्हा सगळ्या वाजवणाऱ्यांना वाद्यांच्या शेडमध्ये बोलावलं. पितळ मोडीत घालायचं ठरलं असणार, निरोप घ्यायला बोलावलंय, असं समजून आम्ही तोंडं पाडून गेलो. बघतो तर शेडात खुर्च्या मांडलेल्या. काकी क्लॅरिनेट घेऊन समोर बसलेली. तिनं काहीतरी वाजवलं. सूर दोनदा फाटला. मग ती म्हणाली, "आजवर तुमी चालत वाजवलं. आता बसून वाजवायचं. लोकांनी बी बसायचं. नाचायचं न्हाई, ऐकायचं. मला एकदा बघायचंय हे. मग मोडीत घालायचं तर घालू."

आम्हाला हसू आलं. वरातीचा बँड आणि बसून? आमचं सगळं आयुष्य नवरदेवाच्या घोड्यापुढं चालण्यात गेलेलं. वरातीत कुणी थांबत नाही, कारण जरा ओठांवरून वाद्य खाली आलं की नवऱ्याचा मामा ओरडतो, "ए, झोपला काय रे?" म्हणून आमच्यात सगळे जण सगळा वेळ सगळी चाल वाजवायचे. त्यात मी, संपत, पहिला ट्रम्पेट. आमची महाळुंग्याची जमीन टॉवरखाली गेलेली, उरलेल्या जागेवर खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. मला पोटासाठी वाजवायची गरज नव्हती. मला मोठ्यानं वाजवायची हौस होती, आणि ती मी मन लावून भागवायचो. माझ्या आवाजानं घोडे बुजलेले आहेत.

लग्नं नसतात त्या महिन्यांत काकीनं आम्हाला कागद वाचायला शिकवलं. भाताची लावणी आटपून, पायाचा चिखल धुऊन माणसं शेडात येऊन बसायची. शेळ्यामेंढ्या राखणारा बिरू सगळ्यांत लवकर शिकला. तो ट्यूबा वाजवायचा, म्हणजे ते सगळ्यात मोठं, अंगाला वेढा घालून बसणारं वाद्य. मला वेळ लागला, कारण शिकण्यापेक्षा शिकवणाऱ्याच्या चुका काढण्यात माझा जीव जास्त रमतो.

कागद निवडताना काकीची आणखी एक रीत होती. सगळ्या वाद्यांची नमुन्याची पानं आली की आम्ही ट्रम्पेटवाले आपलं पान शोधायचो, ती मात्र तिसऱ्या क्लॅरिनेटचं पान आधी काढायची. तिसरा क्लॅरिनेट म्हणजे दगडूदादा. बँडातला सगळ्यात म्हातारा, दम कमी झालेला, पुढचे दात हललेले. "ह्ये पान दगडूदादाला जमलं, तर बाकीचं तुमाला जमतंयच. आनि दगडूदादाला ह्यात करमलं पायजे. नुसतं भिंतीला लिंपन लावल्यावानी भरतीचं काम दिलं असंल, तर तो कागद आपला न्हाई." दगडूदादा हे ऐकून कानकोंडा व्हायचा आणि म्हणायचा, "माझं काय वयनी, मी असतोय आपला मागं."

एकदा मी स्वतः एक कागद शोधून नेला. नावातच वादळ होतं. ट्रम्पेटचं पान तर सुरांनी काळंकुट्ट. काकीनं ते लांब धरलं आणि मला परत दिलं. "नाव बघून घेतलंस ना?" मी म्हटलं, "नाव चांगलंय की." ती म्हणाली, "नाव वाजत न्हाई, संपत."

पण तिचाही एक अंदाज चुकला. बसून वाजवायचा आमचा पहिला कार्यक्रम मुळशीला, धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर झाला. मालक काकांच्या ओळखीतला. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या, शनिवारचे पाहुणे भोवती बसले. काकीनं सुरुवातीला सोपं म्हणून एक मार्च, म्हणजे कवायतीची चाल, निवडला होता, त्यात पांढरंही भरपूर. आम्ही नीट सुरू केलं. तेवढ्यात पाहुण्यांतली दोन पोरं उठून नाचायला लागली. ते बघून आमच्या झांजवाल्याचा पाय हलला. मग तो उठला. त्याच्यामागं मी उठलो, कारण समोर नाचणारं माणूस दिसलं की बसून राहणं माझ्या रक्तातच नाही. जिथं कागदावर मोकळी जागा होती तिथं सगळ्यांनी चाल भरून टाकली. शेवटी आख्खा बँड रांगेत पोहण्याच्या तलावाभोवती फिरत होता, पुढं पाहुणे नाचत होते, आणि हिरवळीवर रिकाम्या खुर्च्यांसमोर काकी एकटी, ताल द्यायला उचललेले हात तसेच धरून उभी होती.

परतीच्या टेम्पोत काकी आधी पोट धरून हसली. मग डोळे पुसताना ते पुसणं जरा लांबलं, आणि ते हसण्याचं राहिलं नव्हतं हे सगळ्यांनाच कळलं. मी म्हटलं, "काकी, चुकलं." ती म्हणाली, "तुमचं न्हाई चुकलं. माझा कागद चुकला. चालायच्या तालाचं गानं दिल्यावर मानसं चालनारच की."

त्यानंतर ती बरेच दिवस कागदच शोधत राहिली. मी पानं छापून न्यायचो आणि ती बाजूला सारायची. आणि एक दिवस तिनं मला अंगणात उभं केलं. स्वतः टाळ्या वाजवून मोजायला लागली, एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार पाच. "चाल बघू ह्याच्यावर." मी चाललो. तिसऱ्या फेरीला माझा पाय अडखळला. बिरूनं करून बघितलं, तोही अडखळला. काकीचा चेहरा जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोरीसारखा झाला. "सापडला! ह्याच्यावर कुनाचा बाप चालू शकत न्हाई!"

ते गाणं नदीवरच्या धुक्याचं होतं. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला 'नदीवालं' म्हणायचो. सुरुवात ट्यूबाची, मग क्लॅरिनेट, मध्ये तिसऱ्या क्लॅरिनेटला एक लहानशी जागा अगदी एकट्याला. आणि ट्रम्पेटचं पान? जवळजवळ कोरं. फक्त शेवटी चार ओळी. मी भडकलो. "मला काय पाहुणा म्हणून बसवलंय?" मी त्या मोकळ्या जागांत थोडं थोडं वाजवायला लागलो तेव्हा काकीनं सगळा बँड थांबवला. "रिकामी खोली दिसली की भाडेकरू घालायची खोडच हाय तुला! ती खोली रिकामी ठेवायचीय, संपत. तितं दुसऱ्या कुनाचा तरी उजेड यायचाय."

मग तिनं नियमच केला. ज्याचं पांढरं चाललंय त्यानं दुसऱ्या एकाचं वाजवणं ऐकायचं आणि नंतर ते गाऊन दाखवायचं. माझ्या वाट्याला दगडूदादा आला. मी गाऊच शकलो नाही. मिसरूड फुटल्यापासून मी त्या माणसाशेजारी उभा राहून वाजवत आलो होतो आणि तो काय वाजवतो हे मला ठाऊक नव्हतं. ऐकू येणार तरी कसं? शेजारी मी होतो ना.

त्याच हिवाळ्यात महाळुंग्याच्या एका मोठ्या सोसायटीनं क्लब हाउसच्या सभागृहात बँडांचा कार्यक्रम ठेवला. शाळेचे बँड, कॉलेजचे बँड. सेक्रेटरी मॅडम काकीकडे आल्या, बोलायला फार गोड. "काकू, ॲक्च्युअली तुम्ही आम्हाला गेटवर हव्या आहात. पाहुणे येतील ना, तेव्हा छान वातावरण तयार होतं."

"वातावरन आमी आत बी करतो," काकी म्हणाली. "एक गानं वाजवू द्या आमाला. आत, बसून. लोकं उठून गेली, न्हायतर नाचाय लागली, तर जल्मभर तुमच्या फाटकावर वाजवू. तोंडातनं सबूद काढनार न्हाई."

मॅडमना नाही म्हणता आलं नाही. आमचा नंबर शेवटचा लागला.

आम्ही स्टेजवर आलो ते वरातीच्याच लाल कोटात, खांद्यावर सोनेरी गोंडे. सभागृहात खसखस पिकली. मागून शिट्टी आली, कुणीतरी "होऊ दे!" म्हणून ओरडलं, आणि काही पोरं हात वर करून चक्क उभी राहिली. झांजवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. काकीनं कुणाकडेच बघितलं नाही. तिनं हात उचलला आणि बिरूचा ट्यूबा खोल, संथ सुरू झाला.

उभी राहिलेली पोरं तालाची वाट बघत होती. एकानं खांदा हलवून बघितला, एकानं पाय टाकून बघितला. पाच मात्रांत पाय कुठं पडायचा तेच कळेना. दोघं हसली, मग एकेक करून खाली बसली. काकीचा डावा हात पदराशी होता, तो मला स्टेजवरून दिसत होता. त्या हातानं तिनं पदर गच्च धरला होता. सगळे बसल्यावर तो सुटला.

मग दगडूदादाची जागा आली. बाकी सगळे थांबले. एवढ्या माणसांत तो एकटा आवाज. थोडा कापरा, पण धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती, अनसूयावहिनी. जन्मभर तिनं आमचा बँड गल्लीतून जाताना ऐकला होता आणि त्यातला नवऱ्याचा आवाज कोणता हे तिला कधी कळलं नव्हतं. ती शेजारणीला भर सभागृहात मोठ्यानं म्हणाली, "आगं बाई, ह्यो ह्यांचा आवाज हाय व्हय?" कुणीही हसलं नाही. दगडूदादानं डोळे मिटले आणि पुढचा सूर त्यानं इतका लांब धरला की त्याच्या दमाची मलाच काळजी वाटली.

आणि मग काकीनं मान माझ्याकडे वळवली. चार ओळी. मी उभ्या आयुष्यात तसा ट्रम्पेट वाजवला नसेल. इतका वेळ राखलेली ती शांतता माझ्या पुढ्यात मोकळी पडली होती, आणि आम्ही सगळे मिळून, झांजा, ड्रम, सॅक्सोफोन, ट्यूबा, अख्खा बँड, तिच्यात शिरलो. शेवटचा सूर थांबला आणि लोक उठले. नाचायला नव्हे. उभं राहून टाळ्या वाजवायला. सेक्रेटरी मॅडम सगळ्यांत पुढं. काकी त्यांच्याकडे पाठ करून आमच्याकडेच बघत उभी राहिली, तिचे गाल ओले होते आणि ती ते पुसायलाही तयार नव्हती. आम्ही जिंकलो होतो. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं, तरी जिंकलो होतो.

"वन्स मोअर" सुरू झालं. मी ओठ पुसून तयारच झालो, कारण माझ्या चार ओळींनी सभागृह हललं होतं, ते मला दिसलं होतं. तेवढ्यात मधल्या रांगेतली एक बाई हात वर करून म्हणाली, "ते मधलं परत वाजवाल का? त्या आजोबांचं?"

काकीनं दगडूदादाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी ट्रम्पेट मांडीवर आडवा ठेवला, खुर्चीत मागं रेलून बसलो, आणि दगडूदादा काय वाजवतो ते पहिल्यापासून ऐकलं.