नागव्वा सिस्टरांची पिंपं

सकाळी कामावर आल्या की नागव्वा सिस्टर आधी पेशंटकडे नव्हे, पिंपांकडे जायच्या. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात फडक्यानं तोंडं बांधून वर लाकडी झाकणं ठेवलेली पत्र्याची पिंपं ओळीनं उभी असत. प्रत्येकावर त्या बोटानं टकटक करायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. आवाज पोकळ आला की वॉर्डबॉयची खैर नसे. दुष्काळाचे दिवस होते. सोलापुरात नळाला पाणी येईल ती दिवाळी. त्या सरकारी दवाखान्यात मी बाळंतपणाची नवी डॉक्टर आणि त्या मेट्रन. मूळच्या दुधनीच्या. बोलायच्या मराठीत, चिडायच्या कन्नडमध्ये.

"पिंपातलं पाणी आजचं न्हाय बाई, उद्याचं हाय," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. अंगाची काहिली झाली तरी त्यातलं तांब्याभर घ्यायची कुणाची छाती नव्हती. सगळे त्यांना मागून धनावरची नागीण म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

एकदा मुंबईहून मंत्री पाहणीला यायचे ठरले. आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांनी हुकूम सोडला: पिंपं उपसून फरशा धुवा, अंगणात सडा मारा आणि ती पिंपं नजरेआड करा. माणसं बादल्या घेऊन आली. सिस्टर सरळ एका पिंपावर ठाण मांडून बसल्या.

"उठा सिस्टर, मंत्री येताहेत," साहेब म्हणाले.

"येऊ द्या की. फरशी मळकी बघून मंत्री काय मरायचा न्हाय. पाण्यावाचून बाळंतीण मरती."

"हा माझा हुकूम आहे!"

"साकु!" म्हणजे पुरे. तो शब्द आला की पुढे बोलण्यात अर्थ नसे. मंत्री आले, धुळीतून चालले आणि नाकाला रुमाल लावून गेले.

त्याच आठवड्यात शहराची मोठी पाइपलाइन फुटली. टँकरही आला नाही. भर दुपारी शुक्रवार पेठेतली एक बाई आणली, पोटात मूल आडवं. सिझर करावं लागणार होतं आणि नळाला थेंब नव्हता. साहेब स्वतः धावत आले. "सिस्टर, पाणी?"

"हाय की. फरशीवर न्हाय, पिंपात हाय."

चुलीवर भांडं चढवूनच त्या बोलत होत्या. आई वाचली, मुलगी रडली आणि तिच्याबरोबर मीही.

मला वाटलं, आता तरी साहेब विरघळतील. छे! मंत्र्यांसमोर गेलेली अब्रू ते विसरायला तयार नव्हते. सिस्टरांच्या बदलीचा हुकूम आला. एस.टी. स्टँडवर त्यांचे हात धरून मी रडत उभी राहिले. मला आईला निरोप दिल्यासारखं होत होतं.

"रडतीस कशापायी?" त्या खेकसल्या. "तू हितं रडत बसलीस तर तितं पिंपं कोण बघंल? जा!"

परत आले तर व्हरांड्यात माणसं पिंपं हलवायला वाकलेली. शेजारी साहेब कमरेवर हात ठेवून उभे.

"डॉक्टर, बाजूला व्हा."

मी पहिल्या पिंपावर टकटक केली. भरलेलं होतं. पदर खोचला आणि त्यावर बसले.