खाडीकरांची शेवटची मॅच: करंजाडे ते कोल्हापूर

कोल्हापूरला जायचं ठरलं ते अश्विनीच्या फोनमुळे. अश्विनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, निखिलची बायको. ती पावण्याला माझ्या माहेरी राहते आणि मी लग्न झाल्यापासून करंजाड्यात. एरवी तिचा फोन आला की आधी तिचं हसू ऐकू येतं. त्या दिवशी ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, गॅस संपला का म्हणून यानं मला सकाळपासून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. आणि तिन्ही वेळा त्याला ते नवीनच वाटलं."

निखिल रग्बी लीग खेळायचा. तेरा जणांचा संघ, चेंडू घेऊन पुढे घुसायचं, समोरच्यांनी पकडून पाडायचं, सहा पकडी झाल्या की चेंडू त्यांचा. आमच्या गावातली कबड्डीची पोरं या खेळात का रमली ते एवढ्यावरून कळेल. एका बिल्डरनं नवी मुंबईचा क्लब काढला, नाव ठेवलं 'खाडीकर', आणि पोरांना पगार सुरू केला. निखिलनं एमआयडीसीतली कायमची नोकरी सोडली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. पण घरात रग्बीचा विषय निघाला की उठून ओट्यावर जाऊन बसायचे. घणसोलीचं मैदान घरापासून रिक्षाच्या अंतरावर, तरी त्यांनी मुलाची एकही मॅच पाहिली नव्हती.

यंदाचा सीझन फार वाईट गेला. पुण्यात हरले, गोव्यात हरले, घरच्या मैदानावर तर इतके हरले की शेवटी शेवटी प्रेक्षकांत खेळाडूंच्या घरचेच उरले. मग नाशिकच्या मॅचमध्ये निखिलच्या डोक्याला मार लागला. वाशीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मेंदूला धक्का बसलाय, मी सांगेपर्यंत मैदानाचं नाव काढायचं नाही. आणि तरी हा त्याच दुपारी टीमच्या बसमधून कोल्हापूरला निघून गेला होता, सीझनची शेवटची मॅच खेळायला. ती हरली तर क्लब बंद, असं त्या बिल्डर शेठनं पोरांना सांगून ठेवलं होतं.

"आपण जाऊया," मी अश्विनीला म्हटलं. "समोर बसून बोलू. उतरू द्यायचं नाही त्याला."

फोनमध्ये तिच्या मागून बाबांचा आवाज आला. "मना पन यायचा हाय."

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर बऱ्याच ठिकाणी आला आहात, बहुतेक वेळा खायला. ही ट्रिप तशी नव्हती. पण रस्ता तोच आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळ जण त्यावरून जाल, म्हणून सगळं लिहिते.

शनिवारी पहाटे निघालो. अश्विनी आणि बाबा आदल्या दिवशीच माझ्याकडे राहायला आले होते. करंजाड्याहून निघालं की एक्स्प्रेसवे हाताशीच, आणि उजाडायच्या आत घाट चढलात तर ट्रकच्या रांगेत अडकत नाही. फास्टॅगमध्ये पैसे भरून निघा, कारण कोल्हापूरपर्यंत टोलनाके बरेच लागतात. पुण्याच्या बाहेरून निघायला मात्र नेहमीसारखाच वेळ गेला. नाश्ता शिरवळच्या अलीकडे केला, पोहे आणि चहा. पोहे कोरडे होते. अश्विनीनं दोन घास खाल्ले आणि बशी बाजूला सारून निखिलला फोन लावला. उचलला नाही.

खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. सातारा ते कोल्हापूर रस्ता रुंद करायचं काम चाललंय. अर्धवट उभे राहिलेले पूल, धूळ, दर थोड्या वेळानं सर्व्हिस रोडवर उतरवणारे बाण, आणि त्या एका लेनमध्ये उसाच्या ट्रॉल्या. मार्चचं ऊन सकाळीच तापलं होतं. मी गाडी चालवत होते आणि बाबा शेजारी बसून बाहेर बघत होते. कऱ्हाडच्या पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर नक्की काय बोलला?"

मागच्या सीटवरून अश्विनी म्हणाली, "परत मार लागला तर काय होईल सांगता येत नाही, असं बोलले."

बाबांनी मान हलवली. 

लॉज स्टेशनजवळचं घेतलं होतं. खोल्या स्वच्छ, पार्किंग चिंचोळं. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं मटण असं ताट घेतलं. तुम्ही गेलात तर जरूर घ्या, कारण रस्सा वाढणारा माणूस पुन्हा पुन्हा येतो आणि नको म्हटलं तर त्याला खरंच वाईट वाटतं. एरवी मी यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला असता. त्या दिवशी चव लक्षात राहिली नाही.

संध्याकाळी निखिल आम्हाला रंकाळ्यावर भेटला. क्लबचा निळा टी-शर्ट, हातात शेंगांची पुडी. आम्हाला बघून हसला, पण बाबांना बघून जरा दचकला. कठड्यावर आम्ही एका ओळीत बसलो. तलावावर वारा छान होता, फिरायला आलेली कुटुंबं भेळ खात होती, आणि आमच्यात कोण सुरुवात करणार तेच ठरत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "निक्या, उद्या तू खेळायचं नाहीस."

"ताई, फिजिओनं टेस्ट घेतली माझी. पास झालो."

"कशी पास झालास ते सांग ना," अश्विनी म्हणाली. "त्यात लक्षात ठेवायचे शब्द असतात, ते तू घरी पाठ करून गेलास. माझ्याकडूनच म्हणून घेतलेस. मला वाटलं गंमत चाललीय."

त्यानं पुडीतली एक शेंग फोडली. मग म्हणाला, "अशू, आमच्याकडे आता धड तेरा पण नाहीत. चौघं जखमी आहेत, दोघं सोडून गेले. उद्या मी बसलो आणि हरलो तर क्लब गेला. मग या पोरांनी काय करायचं? मी काय करायचं?"

"काय बी कर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आधीच चढला होता. "चांगली नोकरी सोरलीस, मी काय बोललो? पन ह्यो डोका हाय का नारल हाय? फुटला तर दुसरा आनशील? बायकोचा इचार कर जरा. येडा झालास काय तू?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. निखिल उठून उभा राहिला. "बाबा, तुम्ही माझी एक तरी मॅच बघितलीत का? एक? मैदान घराजवळ होतं तरी आला नाहीत. आणि आज इतक्या लांब आलात ते मला थांबवायला?"

 बाबा सरळ गाडीकडे चालत गेले. निखिल शेंगांची पुडी कठड्यावर तशीच ठेवून रिक्षात बसला आणि टीमच्या हॉटेलवर गेला. मी कोचना फोन केला, डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, प्लेअर स्वतः फिट आहे म्हणतोय. आमच्या फिजिओनं सही केलीय." त्यापुढे मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही.

रविवारी मला वाटलं होतं, बाबा म्हणतील चला घरी. ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. "मैदान कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "त्यो खेलनारच हाय. मंग मी बगनार."

मैदान शहराबाहेर, एका कॉलेजचं. सावली फक्त एका बाजूच्या मांडवात आणि जमीन नुसती ठणठणीत. कोल्हापूरकर मात्र भरपूर आले होते. या गावाला मातीतल्या कुस्तीची सवय, त्यामुळे अंगाला अंग भिडणारा कुठलाही खेळ यांना चालतो. पोरं वॉर्मअप करत होती तेव्हा बाबा तारेच्या कुंपणापाशी गेले. मला वाटलं परत भांडण होणार, म्हणून मी मागे गेले. निखिल जवळ आला. बाबांनी तारेवरून हात घालून त्याच्या मानेवर ठेवला.

"डोका खाली घालू नको," ते म्हणाले. "आमी कबड्डीत पकड करताना छातीवर घ्यायचो. तसा घे."

"हो बाबा."

"मी हितंच हाय. पुरा बगनार."

निखिलनं मान हलवली. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण शिट्टी वाजली आणि तो पळत गेला. पळता पळता दोनदा मागे वळून त्यानं बाबांकडे बघितलं. सीझनभर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला नव्हता तो मला तेव्हा दिसला.

मॅच सुरू झाल्यावर बाबा जरा वेळ गोंधळले, मग मला म्हणाले, "ही तं कबड्डीच हाय गं, निस्ता चेंडू जास्तीचा." त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. प्रत्येक पकडीला स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे आणि सहावी पकड झाली की हाताची मूठ सोडायचे. मध्यंतराला खाडीकर मागे होते. दुसऱ्या हाफमध्ये निखिल दोघांना अंगावर घेत गोलरेषेपलीकडे कोसळला आणि चेंडू जमिनीला टेकवला. चार गुण. बाबा उभे राहिले. ओरडले नाहीत. शेजारच्या अनोळखी कोल्हापूरकराला म्हणाले, "माजा पोर हाय." तो माणूस म्हणाला, "लई भारी खेळतंय की ओ."

शेवटी शेवटी आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि कोल्हापूरचा एक धिप्पाड खेळाडू रेषेकडे सुटला. मध्ये फक्त निखिल होता. त्यानं छातीवर घ्यायला अंग पुढे केलं, पण समोरचा वाकला, तोल गेला, आणि त्याचा गुडघा निखिलच्या कानशिलावर बसला. दोघंही पडले. चेंडू सुटून बाहेर गेला. आमची पोरं हात वर करून नाचायला लागली.

निखिल उठला. म्हणून कुणाला काही वाटलं नाही. तो शांतपणे चालत गेला आणि कोल्हापूरच्या खेळाडूंच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढची पकड त्यांच्याबरोबर करायची आहे असा. अश्विनीला सगळ्यांच्या आधी कळलं. ती कुंपणाखालून वाकून आत पळाली.

आम्ही जिंकलो. तोवर निखिल बाकावर बसला होता, अश्विनीचा हात धरून, आणि विचारत होता, "मॅच कधी सुरू होणार?"

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, एवढं एक बरं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलनं सोडलं. परतीचा रस्ता तोच, धूळ तीच. निखिल मागे अश्विनीच्या खांद्यावर डोकं ठेवून पडला होता. डोळ्यांवर ओढणी, कारण उजेड सहन होत नव्हता. पेठनाक्यापाशी त्यानं विचारलं, "काय झालं मॅचचं?"

"जिंकलाव," बाबा म्हणाले.

तो हसला. खूप खूश झाला. सातारा यायच्या आत त्यानं परत विचारलं, आणि बाबांनी परत सांगितलं, तेवढ्याच शांतपणे. तो परत तेवढाच खूश झाला. पुण्यापर्यंत असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. एकदा मीच वैतागून "आत्ताच सांगितलं ना" म्हणणार होते. बाबांनी माझ्याकडे बघून नुसता हात हलवला. घाटात माझ्या लक्षात आलं की ते खिडकीकडे तोंड करून डोळे पुसतायत.

क्लब बंद झालाच. आठवड्याभरात खेळाडूंच्या ग्रुपवर मेसेज आला, 'सर्वांचे आभार', आणि बेलापूरच्या ऑफिसला कुलूप लागलं. त्या विजयानं काहीच वाचलं नाही. निखिलच्या बरोबरचा एक जण दिघ्याला आता टेम्पो चालवतो, कोच पुण्याला गेले. निखिलची जुनी कंपनी परत घ्यायला तयार होती, पण चक्कर येते तोवर मशीनजवळ उभं करणार नाही म्हणाली, आणि त्यांचं बरोबरच आहे. तो घरीच असतो. टीव्ही लावत नाही, मोबाइल थोडाच वेळ. सकाळी बाबा त्याला फिरायला नेतात. एकट्याला पाठवत नाहीत.

बऱ्याच गोष्टी हळूहळू जागेवर आल्या. गॅसचा प्रश्न आता तो विचारत नाही. फक्त तो रविवार आला नाही. डॉक्टर म्हणतात, येणारही नाही.

परवा जेवायला पावण्याला गेले होते. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. निखिल मान खाली घालून जेवत होता. मध्येच म्हणाला, "बाबा, रंकाळ्यावर तुम्ही मला किती बोललात."

"बोललो," बाबा म्हणाले.

"मी पण बोललो. मग तुम्ही तसेच निघून गेलात ना घरी?"

अश्विनीचा वाढता हात थांबला. आम्ही त्याला आधीही सांगितलं होतं, गाडीत, हॉस्पिटलात. त्यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. शनिवारचं भांडण मात्र शब्दन् शब्द होतं.

"नाय रे," बाबा म्हणाले. "मॅच बगितली तुजी. पुरी."

निखिलनं आधी माझ्याकडे बघितलं, मग अश्विनीकडे. तिनं मान हलवली.

"खरं?"

"मंग? कुंपनाशी आलो होतो तुज्याजवल."

"मी काय म्हटलं?"

"हो बाबा म्हनालास."

निखिलनं ताट जरा पुढे सरकवलं. "मग सांगा ना. कसा खेळलो?"

बाबांनी हात धुतला, पाटावर नीट बसले आणि पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागले. कुठली पकड कुणी केली, कोण सुटला, त्यानं दोघांना घेऊन रेषा कशी ओलांडली, तो कोल्हापूरवाला काय म्हणाला. मला त्यातलं निम्मंही आठवत नव्हतं. सांगत सांगत ते त्या धिप्पाड खेळाडूपर्यंत आले, तो रेषेकडे सुटला, मध्ये निखिल एकटा. तिथं त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

"मंग?" निखिलनं विचारलं.

"मंग काय," बाबा म्हणाले. "जिंकलाव."