गयाबाईंचा खाऊ

गयाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला ज्वारीचा भरलेला डबा माझ्या अंगावर फेकला. स्टीलचा, चांगला तीन किलोचा. तो नडगीवर बसला, झाकण उडालं आणि गिरणीभर ज्वारी सांडली. रांगेत सहा-सात बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीने आपली पिशवी हळूच बाजूला ओढून घेतली. मी मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच परक्या बाईने मला मारलं होतं आणि ते कशासाठी हेही मला कळलं नव्हतं.

माझा गुन्हा एवढाच होता की मी त्यांना खरं सांगितलं होतं. "मावशी, डॉक्टरांनी मुलीला गहू बंद केलाय. कणभरसुद्धा चालत नाही. तेवढी ज्वारी दळून द्या."

"कणभर बी नाय?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही."

"अन् ह्या दगडात आणून टाकती व्हय? सकाळधरनं गहू दळतीय मी. तुपल्या ज्वारीत पयल्यांदा त्योच उतरंल. डोळे फुटले का तुझे?" आणि डबा.

क्रांती चौकातून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत त्यांची गिरणी होती. मी राहायला त्याच गल्लीत, पण दळण दुसरीकडे टाकायचे, कारण गयाबाईंच्या हाताची कीर्ती ऐकून होते. त्या दिवशी दुसरी गिरणी बंद होती म्हणून गेले. बंद नसती तर माझी मनू आज कुठे असती, हा विचार मी करत नाही.

मनू, माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होती. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या आणि दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. दात येताहेत म्हणून झालं, जंत म्हणून झालं, सासूबाईंनी दृष्टही काढून पाहिली. शेवटी तपासण्या झाल्या. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही, असं निघालं. गहू, रवा, मैदा, बिस्कीट, पाव, सगळं जन्मभर बंद. दुसरं औषध नाही. मी महिनाभर नेमाने ज्वारीची भाकरी करून दुधात कुस्करून भरवत होते आणि तरी ती सुकतच चालली होती. आम्ही घरात इतकी शिकलेली माणसं, पण गिरणीच्या दगडाचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"आजार मला कळत नाय, दगड कळतो," असं गयाबाई पुढे नेहमी म्हणायच्या. त्या दिवशी सांडलेली ज्वारी त्यांनी मला उचलूसुद्धा दिली नाही. गिरणीच्या जमिनीवर गव्हाच्या पिठाचा थर होता. घरातल्या पोत्यातली ज्वारी त्यांनी काढली, मला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि ज्यावर गहू कधी पडला नव्हता त्या जात्यापुढे बसवलं. "फिरव. लेकरू तुझं हाय, माझं नाय." अर्ध्या तासात माझ्या हाताला फोड आले. मी थांबले की त्या पाठीत थापटी मारत. थापटी म्हणते, पण कळ मानेपर्यंत जायची. निघताना त्यांनी मला चहा दिला आणि नडगीला हळद लावली. हळद लावतानाही बोलणं तेच, "रडती काय? हाड मोडलं का? मोडलं असतं तर आवाज आला असता."

गयाबाई सिल्लोडकडच्या. रंग सावळा, खांदे पुरुषी, केसांत कायम पीठ. लग्न होऊन या गिरणीत आल्या तेव्हा नवरा त्यांना मशीनच्या जुन्या पट्ट्याने मारायचा. अकरा वर्षं त्यांनी मार खाल्ला. मग एका दुपारी त्यांनी पट्टा हिसकावून घेतला आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. तेव्हापासून नवरा रांगेतल्या पिशव्या उचलायला आणि गयाबाई मशीनवर. ही गोष्ट त्या लपवत नसत. रांगेत एखादी बाई डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आली की मोठ्याने सांगत, "तोंडानं सांगून कळणारा माणूस मला अजून भेटायचाय." एकदा एक गडी बायकोच्या मागोमाग गिरणीत आला आणि सगळ्यांदेखत तिच्या झिंज्या धरल्या. गयाबाईंनी तराजूतलं किलोचं माप उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. तो ओरडत पळाला. त्यांनी माप पदराला पुसलं आणि जागेवर ठेवलं. "पुढचं दळण कुणाचं?"

मला त्यांची भीती वाटायची आणि त्या आवडायच्यासुद्धा. मी पोस्टाच्या काउंटरवर बसते. दिवसभर शिव्या खाऊन गोड बोलायचं, ही माझी नोकरी. या बाईने कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

दर शनिवारी त्या आमच्या घरी येऊ लागल्या. मनूला खाऊ काय द्यायचा, हा माझ्यापुढचा डोंगर होता. गल्लीतली बाकीची मुलं बिस्किटं खात हिंडायची आणि ही दारात उभी राहून हात पसरायची. गयाबाईंनी ज्वारीच्या लाह्या फोडून आणल्या. मी चार लाह्या मनूच्या हातावर ठेवल्या तर माझ्या मनगटावर फाडकन चापट बसली. "डोळे फुटले का तुझे? दाढा नाय आल्या तिला अन् सबंध लाही घालती? घशात बसली मंजी?" मग लाह्या जात्यावर दळून त्यांचं पीठ केलं, ताकात कालवलं आणि चवीला गूळ घातला. मनूने वाटी चाटली. रताळं उकडून, शेंगदाण्याचा बारीक कूट घालून त्यांनी बोटाएवढे मऊ गोळे केले. भगरीचं घावन, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या मुटकुळ्या, राजगिऱ्याची दुधातली लापशी, जिरं घातलेलं ज्वारीचं धिरडं. सगळं घरच्या जात्यावरचं आणि निवडून, धुऊन, वाळवून घेतलेलं. आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या हाताने दोन भाग पाडले. "हिकडं गव्हाचं बोट लागलं तर बोट तोडीन." हे त्या सासूबाईंकडे बघून म्हणाल्या होत्या.

कारण सासूबाईंना हे पटत नव्हतं. "गव्हाशिवाय लेकराच्या अंगी लागायचं काय?" असं त्यांचं चालायचं. एकदा त्या मनूला चहात बुडवून बिस्कीट देताना सापडल्या होत्या. मी रडले तेव्हा त्यांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा देणार नाही. मी वरवर हो म्हटलं.

चार महिन्यांत मनूने अंग धरलं. गालावर खळी दिसू लागली. ती गयाबाईंच्या मांडीवर चढून त्यांच्या केसांतलं पीठ झाडायची आणि ती बाई, जिच्यापुढे गल्लीतले गडी आवाज खाली करत, गुमान बसून राहायची. मनूवर त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही.

मग पावसाळा संपता संपता जुलाब पुन्हा सुरू झाले. पोट फुगलं. तीन आठवड्यांत वजन पाऊण किलोने उतरलं. मी सगळं तपासलं. पीठ तेच, जातं तेच, भांडी वेगळी. उरल्या त्या सासूबाई. दिवसभर घरात मनूजवळ त्याच तर असायच्या.

एके दिवशी मी दुपारीच घरी आले. मनू घाणीत बसून रडत होती आणि सासूबाई स्वयंपाकघरात स्वतःची पोळी लाटत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं मला सांगता येत नाही. मी त्यांच्या हातातलं लाटणं हिसकावलं. "दिलीत ना? किती दिलीत?" त्या म्हणाल्या, "नाही गं, वैशाली. मी नाही दिलं." मी लाटणं घातलं. पहिला फटका ओट्यावर बसला. दुसरा त्यांच्या मनगटावर. आवाज आला. गयाबाई म्हणाल्या होत्या तसाच, हाडाचा वेगळा असतो तो. सासूबाई किंचाळल्या नाहीत. मनगट पोटाशी धरून खाली बसल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "मी नाही दिलं."

नवऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना त्यांनी स्वतःच सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. प्लास्टर झालं. नवरा माझ्याशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी मी गयाबाईंकडे गेले. खोटं कशाला बोलू, थोडी ताठ मानेने गेले. वाटलं, या जगात हे समजेल ते एकाच माणसाला. "मावशी, तुमचंच खरं. तोंडाने सांगून कळत नाही कुणाला." आणि सगळं सांगितलं.

गयाबाईंनी मशीन बंद केलं. "देताना बघितलं तू?"

"नाही. पण दुसरं कोण देणार?"

"बघितलं का, नाय का?"

"नाही."

त्यांनी माझी वेणी मुठीत धरली आणि मला भर गल्लीतून तसंच ओढत घरी आणलं. लोक दारात येऊन बघत होते. स्वयंपाकघरात माझ्या भागातला एकेक डबा त्यांनी ओट्यावर पालथा केला. पीठ चाखलं, गूळ हुंगला, मिठात बोट घातलं. "काय नवं आणलं? नवं काय घालती तू लेकराच्या पोटात?"

"काही नाही. तुम्ही सांगितलेलंच. फक्त महिन्याभरापासून धिरड्यात चिमूटभर हिंग. पोट फुगू नये म्हणून."

"आण."

हिंगाची डबी त्यांनी हातात फिरवली. त्यांना वाचता येत नव्हतं. "मोंढ्याच्या बाजारातला एक हिंगवाला माझ्याकडून पीठ न्यायचा, हिंगात कालवायला. ह्यात काय लिव्हलंय ते वाच. मोठ्यानं वाच, अक्कांना, तुझ्या सासूला, ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. बारीक अक्षरात होतं. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. गव्हाचं पीठ हिंगाच्याही आधी लिहिलेलं होतं. ती चिमूट मी माझ्या हाताने टाकत होते, पोट बरं राहावं म्हणून. पोट फुगलं की दोन टाकत होते.

मला वाटलं, आता डबी तोंडावर येणार. आली असती तर बरं झालं असतं. गयाबाईंनी ती सावकाश ओट्यावर ठेवली. मग माझे दोन्ही हात मागे पिरगाळून मला सासूबाईंच्या खाटेपुढे गुडघ्यांवर बसवलं. "अक्का, मारा हिला. डावा हात हाय न तुमचा? म्या धरलीय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून पलीकडे. "सोड तिला, गया. पोरगी बघतीय."

मनू दारात उभी होती. अंगठा तोंडात. किती वेळ उभी होती कोण जाणे.

हिंग गेला आणि महिन्याभरात मनू पुन्हा उभारी धरू लागली. सासूबाईंचं प्लास्टर निघेपर्यंत गयाबाई रोज येऊन त्यांची वेणी घालून जायच्या. मी सासूबाईंचे पाय धरले तेव्हा त्या म्हणाल्या, "शपथ घेतली होती ना मी? ती तुला खोटी वाटली, ते लागलं. हात काय, सांधतो."

प्लास्टर निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. गयाबाई रताळ्याचे गोळे वळत होत्या. मनूने वाटीत हात घातला. सासूबाई म्हणाल्या, "थांब बाळा, गरम आहे." मनूने शेजारचं लाटणं दोन्ही हातांनी उचललं आणि सासूबाईंच्या त्याच मनगटावर मारलं. "दोळे फुतले का?" ती म्हणाली. तोंड अगदी गयाबाईंसारखं करून.

माझा नवरा हसला. मलाही क्षणभर हसू आलं. गयाबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. हातातला गोळा वाटीत ठेवून त्या उठल्या आणि चप्पल न घालताच गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी बोलवायला गेले. गयाबाई मशीनचा पट्टा चढवत होत्या, माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"मावशी, मनू वाट बघते."

"बघू दे. इसरंल. लहान हाय अजून."

"असं काय करता? तिने काय मुद्दाम..."

"माझा बाप माझ्या मायला मारायचा. त्येचा हात नवऱ्यात बघितला, नवऱ्याचा म्या घेतला. म्याच घेतला, कुणी दिला नाय. तुला दिला. आता त्या लेकरानं घ्यायचा का?" त्यांचा आवाज फुटला. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, एकदाच. "खाऊ तुला येतो आता. त्यो कर. मला तिच्याम्होरं आणू नको."

मी पुष्कळ विनवलं. ऐकतील त्या गयाबाई कसल्या. दर शनिवारी सकाळी आमच्या दाराबाहेर जात्यावरच्या पिठाची पुडी असायची, एक ज्वारीची आणि एक लाह्यांची. कडी वाजायची. मनू धावत दार उघडायची, तोवर गल्लीत कुणी नसायचं. साडेतीन वर्षांत एक शनिवार चुकला नाही. गल्लीतून मनूला शाळेत नेताना आम्ही गिरणीवरून जायचो आणि गयाबाई त्या वेळी पाठ करून उभ्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दळता दळता छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. गल्लीतल्या यच्चयावत बायका गिरणीपुढे जमल्या होत्या. सासूबाई त्यांच्या डोक्याशी बसून केसांतलं पीठ पुसत होत्या आणि ते काही केल्या निघत नव्हतं. मी मनूला घेऊन गेले. चांगली सहा वर्षांची, उंच, गालांवर लाली असलेली माझी मुलगी. आजवर तिने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही.

तिने तो चेहरा नीट निरखून पाहिला. मग माझा पदर ओढून हळू आवाजात विचारलं, "आई, ही आजी कोण गं?"